मोटार बंद असताना व्होल्टेज फुल, मग मोटार जळते कशी? एका विहिरीवरचं प्रकरण

प्रकरण सोलापूर जिल्ह्यातलं आहे, सीना नदीच्या बाजूचं. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारी मोटार, पाणी उसाला आणि थोड्या डाळिंबाला. एका उन्हाळ्यात ही मोटार तीन वेळा जळली, तीन वेळा भरून, म्हणजे आतलं वाइंडिंग नवं करून आणली. तिसऱ्या वेळी विहिरीचे मालक तात्या म्हणाले, आता मोटारच बदलतो, ही कंपनीच खराब. त्यांना म्हटलं तात्या, नवी घ्यायच्या आधी एकदा मोजून बघू, कारण कारण न कळता नवी मोटार टाकली तर तीही त्याच वाटेने जाणार.

तात्यांचा मुद्दा एकच होता आणि तो ऐकायला बरोबर वाटतो. गावातल्या वायरमनने विहिरीवर येऊन मीटर लावून दाखवलेलं, तिन्ही फेजमध्ये ४०५ व्होल्ट. मोटारीच्या प्लेटवर ४१५ लिहिलंय. दहा व्होल्टच्या फरकाने मोटार जळत नाही हे कोणीही सांगेल. म्हणजे लाईट चांगली, मोटार खराब, विषय संपला. पण ते रीडिंग घेतलं कधी? पाऊस पडून गेलेल्या दिवशी, आजूबाजूच्या कोणाच्या मोटारी चालू नसताना, आणि तात्यांची मोटार तर भरायला गेलेली! विहिरीवर लोड म्हणून काहीच नव्हतं. सगळा घोळ इथेच आहे आणि मी हे एवढं लांबलचक लिहितोय ते याच एका गोष्टीसाठी: करंट वाहत नसताना मोजलेलं व्होल्टेज तुम्हाला तुमच्या केबलबद्दल काहीही सांगत नाही.

आधी मोटार भरणाऱ्याकडे गेलो, कारण जळालेली मोटार स्वतःच बरंच काही सांगते. एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर चालत राहिली तर सगळ्या कॉइल सारख्या जळत नाहीत, स्टार जोडणी (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असेल तर दोन फेजच्या कॉइल जातात, तिसरी जवळजवळ नव्यासारखी राहते. इथे भरणारे भाऊ म्हणाले तिन्ही वेळा तिन्ही फेजच्या कॉइल एकसारख्या गेल्यात, वायरवरचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकाला चिकटलेलं. सबमर्सिबलच्या वाइंडिंग वायरवर पाण्यापासून वाचवायला प्लास्टिकचं आवरण असतं, ते उष्णता फार सहन करत नाही. म्हणजे सिंगल फेजिंग नाही, पाणी शिरून शॉर्ट नाही, मोटार सावकाश, तिन्ही बाजूंनी, रोज थोडी थोडी तापून गेली. हा जास्त करंटचा पुरावा.

मग पेटी उघडली. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद पाडणारा भाग, १४ अँपियरवर! प्लेटवर फुल लोड करंट ९ अँपियर. तात्यांना विचारलं तर म्हणाले, मोटार सारखी ट्रिप व्हायची, पाणी देताना रात्री चार चार वेळा पेटीपर्यंत यायला लागायचं, म्हणून एकाने काटा पुढे करून दिला, मग ट्रिपिंग बंद. रिले बिचारा ओरडून सांगत होता की करंट जास्त जातोय, त्याचंच तोंड बंद केलं. याचा मला खरंच राग येतो, म्हणजे तात्यांचा नाही, ज्याने काटा फिरवला त्याचा, कारण त्याला माहीत असायला पाहिजे.

आता मोजमाप. दिवसाची लाईट असताना, शेजारच्या सगळ्या मोटारी चालू असताना गेलो. लायसनवाला वायरमन सोबत होता आणि हे आधीच सांगतो, ४१५ व्होल्टवर चालू लाईनमध्ये हात घालायचं काम स्वतः करू नका, विहिरीवर पाय ओले असतात आणि तिथे दुसरी संधी मिळत नाही.

तात्यांची मोटार बंद ठेवून पोलवरच्या मीटरपेटीत मोजलं, ३८० व्होल्ट. तिथून केबल विहिरीपर्यंत साधारण ४५० मीटर, ॲल्युमिनियमची, ४ स्क्वेअर एमएम. विहिरीवर मोजलं तर तिथेही ३८०. तात्या म्हणाले बघ, केबलमध्ये काही दोष नाही. मग मोटार चालू केली. स्टार्ट घेतानाच घूं घूं करत दोन-तीन सेकंद जास्त लावले, त्या वेळात मीटर २५० च्या आसपास आपटून वर आला, आणि मोटार फिरायला लागल्यावर पोलवर ३७२ आणि विहिरीवर ३१३, ३०९ आणि ३०४. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर, लावला, एका फेजला १०.८, दुसऱ्याला ११.४, तिसऱ्याला १२.४ अँपियर.

पोलवरून निघालेल्या ३७२ मधले ६३ व्होल्ट विहिरीपर्यंत पोचलेच नाहीत. आणि मोटार बंद केली की परत पूर्ण. हे बघून तात्या थोडे गप्प झाले, वायरमन पण, कारण त्यानेही लोडवर कधी मोजलं नव्हतं.

तर हे असं का होतं. व्होल्टेज ही तारेत भरून ठेवलेली वस्तू नाही. व्होल्टेज नेहमी दोन ठिकाणांमधलं असतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एक कूलंब चार्ज गेला तर किती जूल ऊर्जा देऊन जाईल, ते व्होल्टेज. १ व्होल्ट म्हणजे दर कूलंबमागे १ जूल. आणि करंट म्हणजे एका सेकंदाला किती कूलंब जातायत, १ अँपियर म्हणजे सेकंदाला १ कूलंब. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे बोलताना सर्रास ‘आज करंट कमी आहे’ असं व्होल्टेजसाठी म्हणतात, ते बोलायला ठीक, पण मोटार जळण्याचं कारण शोधताना हीच सरमिसळ नडते.

तारेतून चार्ज ढकलायलाही ऊर्जा लागते, ती तार तापण्यात जाते. दर कूलंबमागे किती? करंट गुणिले तारेचा रेझिस्टन्स, हाच तारेतला व्होल्टेज ड्रॉप. ४ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो, ४५० मीटरला ३.३, आणि उन्हात पडलेली, वर लोडने तापलेली केबल धरली तर ३.७ ओहमच्या आसपास. करंट सरासरी साडेअकरा. म्हणजे एका तारेवर साडेबेचाळीस व्होल्ट खर्च. थ्री फेजमध्ये हे आकडे सरळ मिळवता येत नाहीत, रूट थ्री येतो, पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खरं काम करतो तो आकडा) येतो, तो हिशोब केला की दोन फेजमध्ये ६३ च्या जवळ येतं. म्हणजे मीटरने दाखवलं तेच कागदावर.

आणि करंट शून्य असेल तर? शून्य गुणिले ३.७, शून्य. ड्रॉपच नाही. साधा डिजिटल मीटर आतून १० मेगाओहमचा असतो, ४०० व्होल्टला तो घेतो ४० मायक्रोअँपियर, एवढ्याशा करंटने त्या केबलमध्ये मिलिव्होल्टही पडत नाही. म्हणून केबल कितीही बारीक असो, कितीही लांब असो, मोटार बंद असताना मीटर विहिरीवर पोलवरचाच आकडा दाखवणार. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

ठिबकवाल्यांना हे पटकन कळतं. लांब पाइपच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज लावा, पूर्ण प्रेशर दाखवेल, व्हॉल्व्ह उघडा आणि पाणी वाहायला लागलं की टोकाचं प्रेशर पडतं, पाइप जितका बारीक तितकं जास्त. तात्यांना मी एवढंच सांगितलं आणि ते लगेच म्हणाले, मग हे आधी कोणी का नाही सांगितलं.

ज्या माणसाच्या नावावर हा नियम आहे त्या गेऑर्ग ओहमलाही हीच अडचण आलेली. कोलोनमध्ये शाळेत शिकवायचा, १८२५-२६ च्या सुमारास वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन करंट किती कमी होतो ते मोजत होता. सुरुवातीला व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरली तर करंट काढला की बॅटरीचं व्होल्टेजच खाली यायचं, रीडिंग हलायची. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल घेतला, एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, म्हणजे सोर्स पक्का झाला आणि फक्त तारेचा परिणाम दिसायला लागला. १८२७ ला पुस्तक आलं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि आपण अजून सोर्स आणि तार यांचा हिशोब वेगळा न करता मोटार बदलायला निघतो.

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड मुद्दा. तो नीट समजला नाही तर बाकी सगळं फुकट. शाळेत शिकलेलं असतं की व्होल्टेज कमी तर करंट कमी. मग ३०९ व्होल्टला मोटारीचा करंट ९ च्या खाली यायला हवा होता, तो साडेअकरा कसा? तिथल्या वायरमनने हाच प्रश्न विचारला आणि प्रश्न शंभर टक्के योग्य आहे.

त्याच्याकडे दोन १०० वॅटचे पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प होता, तो दोन फेजमध्ये लावून ठेवला आणि मोटार चालू केली. बल्ब लगेच मंद झाले. म्हणजे बल्बचा करंट कमी झाला, शाळेतल्या नियमाप्रमाणे. आणि त्याच क्षणी, त्याच दोन फेजवर, क्लॅम्प मीटर मोटारीला फुल लोडपेक्षा जास्त करंट दाखवतोय. दोन्ही समोरासमोर.

फरक असा की बल्ब म्हणजे नुसती तापलेली तार आहे, जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढ्यात भागवते, उजेड कमी देते. मोटारीवर मात्र पंप बसलाय, त्याला पाणी तेवढंच वर चढवायचंय. इंडक्शन मोटारीचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागे राहतो, त्याला स्लिप म्हणतात. व्होल्टेज पडलं की ते क्षेत्र अशक्त होतं, तेवढाच जोर काढायला रोटर आणखी मागे सरकतो, स्लिप वाढते, रोटरमध्ये जास्त करंट तयार होतो आणि तो सगळा स्टेटरच्या (बाहेरच्या स्थिर भागाच्या) वाइंडिंगमधून, म्हणजे केबलमधून, ओढला जातो. ओहमचा नियम कुठेही मोडलेला नाही, मोटार म्हणजे ठरावीक रेझिस्टन्स नाही एवढंच. काम जवळजवळ तेवढंच, व्होल्ट कमी, मग अँपियर वाढणार, कारण व्होल्ट म्हणजे जूल प्रति कूलंब आणि अँपियर म्हणजे कूलंब प्रति सेकंद, दोघांच्या गुणाकारातूनच वॅट निघतात, थ्री फेजला रूट थ्री आणि पॉवर फॅक्टर धरून.

आणि इथून चक्र सुरू होतं. करंट वाढला की केबलमधला ड्रॉप वाढतो, ड्रॉप वाढला की मोटारीला व्होल्टेज अजून कमी, मग करंट अजून वाढतो. ते कुठेतरी जाऊन थांबतं, इथे ३०९ आणि साडेअकरावर थांबलं होतं. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, ९ च्या जागी ११.५ म्हणजे करंट २८ टक्के जास्त, पण उष्णता ६३ टक्के जास्त. दिवसातले आठ तास. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी कमी आणि कोमट, म्हणजे मोटार गार करणारं पाणीच गरम. जळणार नाही तर काय होणार. टॉर्क तर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, २५० व्होल्टला स्टार्ट घेताना मोटारीकडे नेहमीच्या जेमतेम ३६ टक्के जोर, म्हणून ते घूं घूं.

केबलमध्ये किती वाया जातंय तोही हिशोब करून दाखवला. एका तारेवर साडेबेचाळीस व्होल्ट, साडेअकरा अँपियर, म्हणजे ४९० वॅट. तीन तारा, जवळजवळ दीड किलोवॅट. पोलवरून जी पॉवर निघत होती तिच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नुसती केबल गरम करण्यात.

एक गोष्ट राहिली, तीन फेजचे करंट सारखे का नव्हते. यासाठी केबल पूर्ण चालत बघितली. बांधाच्या कडेला, बोराच्या झाडाखाली एक जोड सापडला, ॲल्युमिनियमच्या तारा हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप एका जागी वितळून चकचकीत झालेली. लाईट बंद करून टेप काढली तर एका फेजच्या जोडावर पांढरट भुकटी आणि काळपट डाग. ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर बसतो आणि तो करंट जाऊ देत नाही, नुसतं पिळून भागत नाही. वायरमनने परत सप्लाय देऊन, मोटार चालू असताना, त्या जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावला. तीन इंच तार, आणि त्यावर साडेसहा व्होल्ट! चांगल्या जोडावर मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. साडेसहा व्होल्ट गुणिले बारा अँपियर म्हणजे ७५ ते ८० वॅट, एका बोटाएवढ्या जागेत. मोटार बंद केली तर तिथेही शून्य. व्होल्टेज दोन ठिकाणांमधलं असतं म्हणतो ते हे, आणि खराब जोड शोधायची याहून सरळ पद्धत मला माहीत नाही: लोड चालू ठेवून जोडाच्या आरपार मोजायचं.

काय केलं ते थोडक्यात. केबल १६ स्क्वेअर एमएमची टाकली, मध्ये एकही जोड नाही, टोकाला लग्ज क्रिंप करून. तात्या १० वर अडून बसले होते, पण लांबी बघता १६ च बरोबर, कारण बारीक केबलचे वाचलेले पैसे मोटार भरणाऱ्याकडेच जातात. रिले परत १० वर आणला. आणि पेटीत २ केव्हीएआरचा कपॅसिटर होता, सुटा, वायरी तोडून ठेवलेला. बंद केल्यावरही शॉक देतो म्हणून काढला म्हणे. डिस्चार्ज रेझिस्टरवाला नवीन घेतला आणि मोटारीच्या बाजूला, म्हणजे विहिरीवरच्या पेटीत, जोडला. पोलवर जोडला असता तर केबलला त्याचा काही उपयोग नव्हता.

नंतरची रीडिंग, तशीच दुपारची, सगळ्यांच्या मोटारी चालू: पोलवर ३७४, विहिरीवर ३६०. मोटारीचा करंट ९.९, तिन्ही फेज जवळजवळ सारखे. केबलमध्ये कपॅसिटरमुळे ८.८ च. कपॅसिटर मोटारीचा स्वतःचा करंट कमी करत नाही हे लक्षात ठेवा, तो फक्त मोटारीला लागणारा चुंबकीय भागाचा करंट जवळून पुरवतो, त्यामुळे लांबच्या केबलमधून तो आणावा लागत नाही. केबलमधला लॉस दीड किलोवॅटवरून सव्वादोनशे वॅटच्या आसपास. पाण्याची धार वाढली हे तात्यांनी मीटर न बघताच सांगितलं.

पण ३७४ हेही कमीच आहे. जुन्या १९५६ च्या वीज नियमांत लो आणि मीडियम व्होल्टेजला सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको असं होतं, ४१५ ला ते ३९० च्या आसपास येतं. पोलच्या अलीकडचा ड्रॉप तात्यांच्या केबलचा नाही, तो डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, पोलपर्यंतच्या तारांचा आणि त्या तारांतून जाणाऱ्या सगळ्यांच्या करंटचा. तिथेही नियम तोच, फक्त करंट एकट्याचा नाही. हाच विचार करून राज्यात शेतीपंपांसाठी एचव्हीडीएस (हाय व्होल्टेज डिस्ट्रिब्युशन सिस्टीम) आणलं, म्हणजे ११ केव्हीची लाईन शेताजवळ आणून एक-दोन शेतकऱ्यांना छोटा ट्रान्सफॉर्मर. तात्यांच्या मोटारीला ४१५ व्होल्टला ९ अँपियर लागतात, तेवढंच काम ११,००० व्होल्टच्या लाईनवर एका तारेत ०.३४ अँपियरने होतं, म्हणून शेकडो मीटर तारेतही ड्रॉप नावापुरता राहतो.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत डीपीवरच्या लोकांना बसवून एक गोष्ट केली, ज्यांच्या पेटीत ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच) आहे त्यांच्या वेळा पुढेमागे लावल्या. लाईट आली की सगळे ऑटो एकाच सेकंदाला मोटारी उचलायचे, स्टार्टला प्रत्येक मोटार फुल लोडच्या पाच-सहा पट करंट मागते, सगळ्यांचं एकदम झालं की व्होल्टेज इतकं पडायचं की कोणाचीच धड उठायची नाही आणि डीपीचे फ्यूज जायचे. आता पहिला लगेच, दुसरा अर्ध्या मिनिटाने, तिसरा एक मिनिटाने, असं. ज्याचा ऑटो जुना आहे, टाइम बदलता येत नाही, तो हाताने चालू करतो. आणि लोडवरची रीडिंग, तारीख-वेळ टाकून, पोलवरची वेगळी आणि विहिरीवरची वेगळी, अर्जासोबत वीज कंपनीच्या ऑफिसला दिली आहेत, कारण नुसतं ‘व्होल्टेज कमी आहे’ म्हटलं की माणूस सकाळी सगळं बंद असताना येतो, मोजतो आणि ४०५ लिहून जातो.